येथे फोटो काढून घेतले जातील

२ जानेवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! सामान उतरवताना कपाटाचा एक पाय निखळला, हिची कुंडी फुटली आणि माझा ट्रायपॉड टेम्पोवाल्याच्या डोक्यात बसला. एवढं सोडलं तर सगळं सुखरूप. टेम्पोवाला मात्र दिलदार निघाला. टेंगूळ चोळत म्हणाला, साहेब, याच्या बदल्यात एक फोटो फुकट काढायचा माझा. म्हटलं, दुकान लागू दे, काढू की.

दुकान! हा शब्द लिहितानाच गुदगुल्या होतात. अठ्ठावीस वर्षं दवाखान्याच्या तळघरात एक्स-रे काढले. रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं की मला आधी त्याचा मणका आठवायचा आणि मग चेहरा. चेहऱ्यांचे फोटो काढायचे ते रविवारी, हौस म्हणून. कोणाचं लग्न, कोणाचा वाढदिवस. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिला मोल लावायला निघालोय. ही म्हणाली होती, या वयात माणसं गुडघे सांभाळतात, तुम्ही दुकान काढा. पण खोकी बांधायला सगळ्यांत आधी बसली ती तीच.

पुढची खोली म्हणजे स्टुडिओ. उंच छत, उत्तरेला हातभर नाही, चांगली पुरुषभर उंचीची खिडकी. उन्हाची तिरीप आत येत नाही, नुसता उजेड येतो, दुधासारखा. असा उजेड मिळावा म्हणून लोक हजार खटपटी करतात. मागे आमच्या दोन खोल्या. मालकीणबाई वर राहतात, एकट्या. सत्तरीच्या, काटकुळ्या, बारीक निमुळत्या चेहऱ्याच्या. त्यांचे यजमान याच खोलीत फोटो काढायचे. ते गेल्यावर बारा वर्षं इथे कोणा व्यापाऱ्याची पुठ्ठ्याची खोकी पडून होती. फरशीवर अजून तीन खळगे आहेत, त्यांच्या जुन्या जड कॅमेऱ्याच्या स्टँडचे. मी माझा ट्रायपॉड त्यांतच ठेवून पाहिला. बरोबर बसला.

जागा देताना बाईंनी तीनच गोष्टी विचारल्या. रेडिओ मोठ्याने लावता का, कुत्रं आहे का, आणि घरात कोणी गेलंय का. तिन्हींना मी नाही म्हणालो. तिसरं उत्तर खोटं होतं. पण नव्या गावात जुन्या दुःखाचं गाठोडं उघडायचं नाही असं मी आणि हिने ठरवलंच होतं. लोक कीव करतात, आणि कीव हा असा पाहुणा आहे की एकदा आला की उठतच नाही.

५ जानेवारी, गुरुवार

पाटी आली. पेंटरला मी कागदावर स्वच्छ लिहून दिलं होतं : येथे फोटो काढून मिळतील. त्याने रंगवून आणलं : येथे फोटो काढून घेतले जातील. म्हटलं, अरे बाबा, हे वाचून लोक घरातले फोटो लपवतील! तो म्हणाला, अर्थ एकच आहे, आणि अक्षरं पण जागेत चपखल बसलीत. ही ओठांच्या कोपऱ्यातून हसली. पूर्वीची असती तर दोन दिवस हसली असती. पाटी तशीच लावून टाकली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त हेडमास्तर. पेन्शनच्या कागदांसाठी फोटो हवा होता. आल्या आल्या पाटीवरच्या व्याकरणावरून माझी हजेरी घेतली. मग स्टुलावर असे ताठ बसले की जणू त्यांनाच छडी मिळणार आहे. मी सवयीने म्हणालो, श्वास घ्या, धरा. आणि लेन्स नीट करण्याच्या नादात 'सोडा' म्हणायचं राहिलं. मास्तर वांग्यासारखे जांभळे झाले, पण शिस्तीचा माणूस, सोडला नाही! पावतीवर त्यांनी सही केली ती पाहत राहावी अशी. पुढे इंजिन, मागे डबे आणि शेवटी धुराची लांब रेघ.

संध्याकाळी मालकीणबाईंना म्हटलं, तुमचाही एक फोटो काढतो, आपुलकीने. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि जिना चढून निघून गेल्या. ही वर कात्री मागायला गेली होती. सांगत होती, त्यांच्या घरात एकसुद्धा आरसा नाही. म्हातारपणी एकेकाची एकेक तऱ्हा.

११ जानेवारी, बुधवार

समोर शिंप्याचं दुकान आहे. नवराबायको दोघं मशीनवर, आणि त्यांची सहा वर्षांची लेक दोन मशीनच्या मधल्या जागेत स्वतःभोवती गोल गोल फिरत असते. अख्खी गल्ली तिला भिंगरी म्हणते. दम लागला की धपकन बसते, आणि चक्कर थांबेपर्यंत जमीन धरून खदखदून हसते. आज शिंपीण तिला शाळेच्या फोटोसाठी घेऊन आली. स्टुलावर बसवली तर स्टुलासकट फिरायला लागली! कशीबशी चार-पाच क्लिक केली.

ती गेल्यावर फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला.

भिंगरी हसते तेव्हा तिचे दोन्ही डोळे टक्क उघडे असतात. मी लेन्समधून पाहतच होतो. फोटोत तिचा उजवा डोळा मिटलेला आहे, पापणी नाकाकडे ओढून घट्ट, आणि डावी भुवई वर. अशी हसणारी मी एकच मुलगी पाहिलीय.

लिहूनच टाकतो. आम्हाला मुलगी होती. चिऊ. सातव्या वर्षी चार दिवसांच्या तापाने गेली. सहा वर्षं झाली. तिचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही. शाळेच्या ओळखपत्रावरचा आहे, त्यात अर्धा चेहरा शिक्क्याखाली गेलाय. नातेवाइकांकडच्या फोटोंत ती पाठमोरी, नाहीतर कोणाच्या तरी कोपराआड. सात वर्षांचे बाकी सगळे फोटो एका डिस्कवर होते. हिला मी सांगितलं की डिस्क बिघडली.

डिस्क बिघडली नव्हती. कोणाच्या तरी लग्नाचे फोटो ठेवायला जागा हवी होती म्हणून घाईघाईत मीच भलती डिस्क पुसली. चूक कळली तेव्हा चिऊ शेजारच्या खोलीत बाहुलीला ओरडत होती. वाटलं, पोर समोर तर आहे, पुन्हा काढू. उद्या काढू, रविवारी काढू. अडीच महिन्यांनी तिला ताप आला.

ही माझी वही उघडत नाही, म्हणून इथे लिहिलं. भिंगरीच्या फोटोचं काय, पापणी लवते कधी कधी. तेवढंच निमित्त झालं.

१८ जानेवारी, बुधवार

शिंपीण फोटो परत घेऊन आली. भांडायला नाही, संकोचत. फोटो छान आलाय म्हणाली, पण ही आमची भिंगरी वाटत नाही. मी दुसरा काढून देतो म्हणालो. ती जायला वळली आणि थांबली. म्हणाली, भाऊ, गंमत म्हणजे आठवडाभर ती घरीही अशीच हसतेय, एक डोळा मिटून. आणि फिरत नाही. फिर म्हटलं तर कसं फिरायचं ते विचारते.

तिच्या पाठोपाठ हेडमास्तरांच्या पत्नी आल्या. कागद परत आले होते, सही जुळत नाही म्हणून. मास्तर दिवसभर कागदावर सही घोटत बसतात आणि ती जमतच नाही. त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर च, तेच उलटं पडतं, आरशात पाहावं तसं. फ्लॅशने डोळ्यांना काही होतं का, असं विचारत होत्या. मी म्हणालो, काही होत नाही, त्यांना विश्रांती द्या.

त्या गेल्यावर मास्तरांचा फोटो कॉम्प्युटरवर उघडून पाहिला. त्यांची भुवई जाड आहे, सलग. फोटोत उजव्या भुवईत एक बारीक आडवी फट आहे. चिऊ चार वर्षांची असताना पायरीवर पडली होती. तीन टाके पडले होते, तिथे परत केस आलेच नाहीत.

आणि शाळेच्या पहिल्या वर्षी ती स्वतःच्या नावातला च उलटा काढायची.

२३ जानेवारी, सोमवार

हिने पाहिलं.

मी लपवलं होतं, पण दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघायचा मोह आवरला नाही, आणि ही चहाला बोलवायला आत आली. बराच वेळ माझ्या खुर्चीमागे उभी होती. मग पुढे वाकून तिने पडद्यावर बोट ठेवलं. आधी भुवईवर, मग मिटलेल्या डोळ्यावर. "अहो," म्हणाली, "चिऊ."

आणि ती हसली. मोठ्याने, तोंडावर हात न धरता, जशी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायची. सहा वर्षांत मी हा आवाज ऐकला नव्हता. शिंपिणीचं सांगितलं, मास्तरांचं सांगितलं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. मला मात्र बरं वाटत होतं. हे इथे मांडून ठेवतो, कारण पुढे जे होईल त्याला मी हेच कारण देणार आहे.

३० जानेवारी, सोमवार

ही शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. नवीन दुकान आहे, मुलांचा फोटो फुकट काढून देतो, असं आयांना सांगते. मधाचं बोट लावावं तर हिनेच. आठवड्यात अकरा मुलं झाली. मुलं बसतात, मी बटण दाबतो.

एकाच्या फोटोत चिऊचे पुढे आलेले कान उतरले, एकीच्या फोटोत हनुवटी. संध्याकाळी ही सगळे प्रिंट पलंगावर मांडते, एकेकावर तळहात ठेवून नको तेवढं झाकते आणि मला दाखवते, हे बघा नाक, हा तुटका दात. मागच्या खोलीची एक भिंत भरली.

ही दहा वर्षांनी तरुण दिसायला लागलीय. भाजी चिरताना गुणगुणते. काल मला म्हणाली, दुकान काढलंत ते बरं केलंत हो. या एका वाक्यासाठी मी काय काय केलं नसतं!

६ फेब्रुवारी, सोमवार

गल्लीतला गलका कमी झालाय. चार वाजता शाळा सुटते तेव्हा पूर्वी कानठळ्या बसायच्या.

आज खिडकीत उभा होतो. सहा-सात मुलं समोरून गेली, एकामागे एक, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांचा डावा हात कानाशी होता. चिऊला सवय होती, चालताना कानामागची बट बोटाभोवती गुंडाळायची. मुली तेच करत होत्या. शेवटचा मुलगा होता, त्याचे केस अगदी बारीक कापलेले. त्याचं बोट कानाशी रिकाम्या हवेत गोल गोल फिरत होतं.

मी पडदा ओढून घेतला.

९ फेब्रुवारी, गुरुवार

मालकीणबाईंनी वर बोलावलं. दार लावून घेतलं, आणि पहिल्या दिवसाचा तिसरा प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मी खरं सांगितलं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. मग कपाटातून एक जाड अल्बम काढून माझ्या मांडीवर ठेवला.

पहिल्या पानावर विशीतली एक नवरी. रुंद चेहरा, बसकं नाक, गालावर तीळ, तोंडभर हसू. त्या म्हणाल्या, ही मी. यजमानांची पहिली बायको वर्षभरात गेली होती, म्हणून मला करून आणली. दर रविवारी दुपारी ते मला खालच्या खोलीत बसवायचे आणि फोटो काढायचे. तीस वर्षं.

मी पानं उलटत गेलो. दहाव्या पानावर चेहरा निमुळता झालेला. विसाव्यावर तीळ नाही. शेवटच्या पानावर दुसरीच बाई. त्याच्या शेजारी त्यांनी एक जुनी फ्रेम ठेवली. पहिल्या बायकोचा फोटो. तोच चेहरा. मी मान वर करून समोर पाहिलं. समोरही तोच.

आरसे मी सोडले, म्हणाल्या, कारण तिथे सवत उभी असायची.

त्यांची सख्खी बहीण भेटायला आली होती, तिने ओळखलं नाही. स्वतःच्या आईचा चेहरा त्यांना आठवत नाही. त्याऐवजी एक अंगण आठवतं, ज्यात त्या कधी राहिल्याच नाहीत. मी म्हणालो, खोलीतच काहीतरी आहे. त्या म्हणाल्या, खोली बिचारी काय करणार! काढणाऱ्याची नजर समोरच्या माणसावर नसतेच. समोर बसलेल्यातलं थोडं निघून जातं आणि गेलेल्यातलं थोडं त्या जागी येऊन बसतं.

परत येतं का, असं विचारलं. थोडं गेलेलं हळूहळू येतं, म्हणाल्या, काढणं थांबवलं तर. सगळं गेलेलं येत नाही.

तुम्ही हसतमुख दिसलात, म्हणाल्या, घरात कोणी गेलं नाही म्हणालात, म्हणून जागा दिली. त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी, सोमवार

हिला सगळं सांगितलं. दुकान बंद करू म्हणालो.

तिने भिंतीकडे बोट केलं. सगळं आलं, म्हणाली, कपाळ, कान, जिवणी, सगळं. डोळे तेवढे राहिले. कोणाच्याच फोटोत चिऊचे डोळे उतरले नाहीत. तेवढे येऊ देत, मग बंद करा.

मी म्हणालो, अगं, ती लोकांची लेकरं आहेत. ती ओरडली नाही, रडली नाही. पाठ फिरवून बसली. जेवली नाही. आज पुन्हा ती त्या सहा वर्षांतल्यासारखी दिसली.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

आज परत एक काढला.

पाववाल्याची धाकटी. तीन वर्षांची. ही घेऊन आली, मांडीवर खेळवत. मला सगळं माहीत होतं. माहीत असून बटण दाबलं. हे मीच केलं, हिने नाही.

डोळे आले नाहीत. दुसरंच काहीतरी आलं. जाताना ती पोर दारातल्या आपल्या आईला ओळखेना. मागे वळून हिच्याकडे हात पसरत होती.

२० फेब्रुवारी, सोमवार

दुपारी भिंगरी आली. न विचारता आत शिरली, चपला काढल्या, सरळ मागच्या खोलीत गेली आणि आमच्या पलंगाच्या पायथ्याशी आडवी झोपली. गुडघे पोटाशी, दोन्ही हात मांड्यांमध्ये. चिऊ तापात अशीच —

हिने तिच्या अंगावर पांघरूण घातलं. कपाळावर हात ठेवून बसली. मी दारात उभा होतो. मला तिला उठवायचं होतं. आणि उठवायचं नव्हतंही. देवाशपथ, पाच मिनिटं मी नुसता बघत राहिलो.

शिंपी शोधत आला. भिंगरी जायला तयार होईना, पलंगाची दांडी धरून बसली. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. जाताना फक्त म्हणाला, भाऊ, माझी पोर तुम्ही कुठे ठेवलीत?

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज हिला डिस्कचं सांगितलं.

वाटलं, माझा राग येईल. रागाने तरी हा नाद सुटेल. सगळं सांगितलं, लग्नाचं, घाईचं, चिऊ शेजारच्या खोलीत होती ते. अडीच महिने होते आणि मी एकही काढला नाही ते.

ती कपडे घडी करत होती. हातातला माझा सदरा अर्धा दुमडलेला तसाच राहिला.

संध्याकाळी तो तसाच पलंगावर टाकून ती चुलीकडे गेली.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ती स्वतःहून बोलली. दुसऱ्यांच्या लेकरांचं काही घ्यायचं नाही आता, म्हणाली. पुरे झालं.

आम्ही दोघांनी मिळून भिंत उतरवली. टाचण्या तिने एका डबीत भरल्या. कॉम्प्युटरवरचे मी पुसले, तिच्यासमोर, एकेक करून. माझा हात थांबला तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवून बटण दाबलं. डिस्कविषयी ती काही बोलली नाही. मी विचारलं नाही. बोलेल सावकाश.

समोरून शिंपिणीने सांगितलं, आज भिंगरीने दोन गिरक्या घेतल्या. मग थांबली, पण घेतल्या.

उद्या पाटी उतरवायची. शनिवारी शिंप्याकडे, मास्तरांकडे, पाववाल्याकडे जाऊन पाय धरायचे. मग पुढचं पुढे बघू. किती दिवसांनी अंग हलकं वाटतंय.

२५ फेब्रुवारी, शनिवार

नीट लिहितो. नीट लिहायला हवं.

सकाळी मी निघालो. हिला म्हणालो, तूही चल. ती म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. दारापर्यंत आली, माझी कॉलर सरळ केली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. चिऊचे डोळे कोणाचे होते ते सगळे म्हणायचे. आईचे. हुबेहूब आईचे. मी गल्लीभर कुठे शोधत होतो —

शिंप्याकडे तासभर बसलो. मास्तरांकडे गेलो. परत आलो तर स्टुडिओचं दार लोटलेलं. आत ही स्टुलावर. समोर कॅमेरा, त्या तीन खळग्यांत. हातात रिमोट.

बारीक टक् टक् आवाज येत होता. थांबतच नव्हता. मी धावलो, रिमोट ओढून घेतला. आकडा पाहिला, चारशे सोळा.

कॅमेऱ्यातच मागे मागे गेलो. पहिल्या फोटोत ही आहे. माझी बायको. थकलेली, केस विंचरलेले, सरळ लेन्सकडे बघतेय. शंभराव्यात — मग दोनशे — मग शेवटचा. शेवटच्या फोटोत चिऊ आहे. सगळी. डोळ्यांसकट.

मी हिला हाक मारली. लग्नानंतर ठेवलेल्या नावाने, मग माहेरच्या नावाने. तिने पाहिलंच नाही. पाय हलवत बसली होती, स्टूल उंच असल्यासारखे. मग उडी मारून उतरली. माझ्याकडे बघून उजवा डोळा मिटून हसली.

म्हणाली, "बाबा, आई कुठंय?"

मालकीणबाई जिन्यातून खाली आल्या होत्या. दारात उभ्या राहिल्या, तोंडाला पदर लावून. मग वर गेल्या.

काय सांगणार मी? बाजारात गेलीय म्हणालो. येईल. ती खिडकीत जाऊन बसली. बट बोटाभोवती. केसांत पांढरं आहे तिच्या, हातावर चुलीचा डाग आहे हिचा, तो तसाच —

दर थोड्या वेळाने विचारते. मी म्हणतो, येईल.

समोर भिंगरी फिरतेय. गोल गोल. तिचं हसू इथवर ऐकू येतंय.

हिने मला माफ केलं होतं का? कॉलर सरळ केली ती — ते माफ करणं होतं का — आता कोणाला विचारू — ती होती तेव्हाच तिला सांगायला हवं होतं की मी —

सहा वर्षं ही हाक ऐकायला जीव टाकत होतो. आणि आता ती हाक आली की मला —

रडायला लागली. आई हवी म्हणते. मलाही —

उठली. इकडेच येतेय, चिऊ यायची तशीच भिंतीला हात लावत. थांब बाळा, आलो, आई आत्ता —